ब्लॅकपूलला किल्ट घालून जायचं म्हणतोय

पत्र थोडक्यात: स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळ गेली अठरा वर्षं राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगा सोळा वर्षांचा, जन्म तिथलाच, शाळेच्या पाइप बँडमध्ये बॅगपाइप वाजवतो. जुलैमध्ये सासरे, नणंद आणि नणंदेची दोन मुलं भारतातून येणार आहेत. सासरे गावी अजून धोतर नेसतात. सगळ्यांनी मिळून एक दिवस इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या प्लेझर बीच या राइडच्या पार्कात घालवायचा बेत आहे. बायका फोटोंसाठी साड्या नेसणार आहेत. मुलाने जाहीर केलंय की त्या दिवशी तो किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, घालणार. यावर त्याचे बाबा भडकले, "माझ्या वडिलांसमोर घागरा घालून फिरणार का?" आतेभावंडं व्हॉट्सॲपवर आतापासूनच चिडवतायत आणि मुलाने घरात बोलणं टाकलंय. आईचे प्रश्न असे: राइडवर किल्ट धोक्याचा तर नाही? आपण स्कॉटिश नसताना असा फिरायला घातलेला तिथल्या लोकांना आवडेल का? आणि नवऱ्याचं ऐकायचं की मुलाचं? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "बँडमध्ये घालतो तेव्हा आम्हाला काहीच वाटत नाही, उलट अभिमान वाटतो."

ताई,

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. बँडमध्ये घातला की अभिमान, पार्कात घातला की भांडण. किल्ट तसाच, मुलगाही तोच. बँडमध्ये तो इतर मुलांबरोबर रांगेत उभा असतो, शाळेने सांगितलेलं घालतो, समोरचे लोक टाळ्या वाजवतात. पार्कात मात्र तो एकटाच तसा असेल, कोणी सांगितलेलं नसेल आणि बघणारी आपली घरची माणसं असतील. तुम्हा दोघांना टोचतंय ते त्याचं हे स्वतःहून घालणं, असं मला वाटतं. सोळाव्या वर्षी मुलगा शाळेतून मिळालेली एक गोष्ट उचलतो आणि म्हणतो, ही माझी आहे. ते पचायला आईवडिलांना वेळ लागतो. लागू दे.

पण हा झाला माझा अंदाज. त्याला स्वतःला कोणी विचारलंय का? "ही काय नवीन थेरं?" असं विचारलं असेल तर ते विचारणं धरू नका. त्याला किल्ट का घालायचाय याची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि प्रत्येक उत्तरावर तुम्ही करायची गोष्टही वेगळी आहे. मित्रांशी पैज लागली असेल, तर त्यालाच आतून सुटका हवी असेल. ती द्या, "आईने नाही म्हटलं" हे निमित्त खुशाल वापरू द्या. आतेभावंडांच्या चिडवण्यामुळे इरेला पेटला असेल, तर आता माघार घेणं त्याला हार वाटत असणार, आणि तुम्ही जितका विरोध कराल तितका तो हटून बसेल. आणि आजोबांनी आपल्याला 'पाइपर' म्हणून बघावं अशी इच्छा असेल, तर त्यासाठी ब्लॅकपूल ही काही सगळ्यात चांगली जागा नाही. आजोबा आले की पहिल्या शनिवार-रविवारी त्याला बँडच्या पूर्ण पोशाखात घरामागच्या अंगणात वाजवू द्या. (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, बॅगपाइपचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जातो.) एकदा ते झालं की पार्कात काय घालायचं याचं ओझं आपोआप उतरेल.

हे विचारायला गाडीतला वेळ बरा. समोरासमोर बसवून विचारलं की या वयाची मुलं गप्प होतात.

आता सासऱ्यांबद्दल. तुमच्या पूर्ण पत्रात त्यांचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. त्यांना काय वाटेल हे तुमचे यजमान सांगतात, तुम्ही सांगता, नणंदेची मुलंही गृहीत धरतात. जो माणूस आयुष्यभर धोतर नेसला त्याला निऱ्यांचं कापड बघून धक्का बसेल, असं कशावरून? सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातले पुरुष जे नेसत ते शिवलेलं नव्हतंच. लोकरीचं लांबच लांब कापड, त्याच्या निऱ्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. आजचा गुडघ्यापर्यंतचा किल्ट अठराव्या शतकात आला. तो आणल्याचं श्रेय थॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराला देतात. त्याच्या लोखंडाच्या भट्टीवरच्या मजुरांना खांद्यावरच्या कापडाची अडचण होई, म्हणून खालचा भाग तेवढा वेगळा केला, असं सांगतात. स्कॉटलंडमध्ये यावर आजही वाद झडतात. हा रॉलिन्सन लँकाशरचा, म्हणजे ब्लॅकपूल ज्या परगण्यात आहे तिथलाच. पुढे हायलँडमधल्या राजाविरुद्धच्या बंडानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या सामान्य पुरुषांना हा पोशाख करायला सरकारने बंदी घातली. १७८२ मध्ये ती उठली. पस्तीसेक वर्षं ज्या कपड्यासाठी लोक तुरुंगात जाऊ शकत होते, त्याची हकिगत नातवाच्या तोंडून ऐकायला आजोबांना आवडेल असा माझा होरा आहे.

याची दुसरी बाजूही सांगते, म्हणजे तुम्ही बेसावध राहणार नाही. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला मराठी फौजांची इंग्रजांशी जी लढाई झाली, तिच्यात समोर ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. सासऱ्यांच्या पिढीतल्या एखाद्या वाचत्या माणसाला किल्ट म्हटलं की गोरी पलटण आठवू शकते. तसं काही त्यांच्या मनात असेल तर ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या आणि नातवाला ऐकू द्या. मूल आणि आजोबा यांच्यात असं बोलणं व्हायला एरवी निमित्त मिळत नाही. या आठवड्यातच त्यांना फोन करा आणि मुलालाच बोलू द्या. "आजोबा, मी फिरायला जाताना किल्ट घातला तर चालेल का?" एवढंच.

"तिथल्या लोकांना आवडेल का" हा तुमचा प्रश्न मला जरा हळवा करून गेला. अठरा वर्षं राहून तुम्ही अजून स्वतःला पाहुण्यांत धरताय. मुलगा मात्र तिथलाच आहे. किल्टवर कुणा एका घराण्याची किंवा रक्ताची मक्तेदारी नाही. घराण्यांचे टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाचे ठरावीक चौकड्यांचे नमुने, असतात, पण ते परक्याने घालू नयेत असा कायदा नाही. संकेताने खरोखर राखून ठेवलेले थोडेच, उदाहरणार्थ राजघराण्याचा बॅलमोरल. सर्वांना चालणारे ब्लॅक वॉचसारखे टार्टन आहेत. जिल्ह्यांचे, शहरांचे आहेत. ग्लासगोचाही आहे, आणि तिथे जन्मलेल्या मुलाला यापेक्षा योग्य टार्टन मला सुचत नाही. स्कॉटलंडमधल्या शीख मंडळींनी १९९९ मध्ये सिंग टार्टन करून घेतला. २००९ पासून एडिंबरोत टार्टनची सरकारी नोंदवही आहे आणि तिथे नव्या टार्टनची भर पडतच असते.

किल्ट लग्नकार्यापुरताच असतो हेही खरं नाही. जून २०२४ मध्ये युरो स्पर्धेची सुरुवात जर्मनी-स्कॉटलंड सामन्याने झाली, तेव्हा म्युनिकच्या चौकात हजारो स्कॉटिश प्रेक्षक किल्टवर फुटबॉलची जर्सी आणि पायात साधे बूट घालून नाचत होते. आणि ब्लॅकपूलला तर ग्लासगोची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. जुलैच्या उत्तरार्धात 'ग्लासगो फेअर'च्या सुटीत कारखाने बंद झाले की अख्खी कुटुंबं तिकडे जात. स्कॉटिश बोलीत बोलणारा किल्टमधला मुलगा तिथे कुणाला नवा नाही. चारजण वळून बघतील, कुणी फोटो काढू का विचारेल, बस.

आता राइडचं. इथे तुमची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी, किल्ट कुणाचा? बँडचा असेल तर प्रश्न मिटला, तो न्यायचा नाही. हाताने शिवलेला जाड लोकरीचा किल्ट चारशे पौंडांच्या पुढे जातो, त्यात सात-साडेसात मीटर कापड असतं आणि बँडने तो विश्वासाने दिलेला असतो. राइडच्या सीटला ग्रीस असतं, लोकांच्या हातात आइस्क्रीम असतं. बाहेर फिरायला पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा, कमी निऱ्यांचा, घरच्या मशीनमध्ये धुता येणारा किल्ट मिळतो आणि तो शंभर पौंडांच्या आत बसतो. खिसे असलेले जाड सुती 'युटिलिटी किल्ट'ही असतात. त्याने आपल्या साठवलेल्या पैशांतून घेतला तर अजून उत्तम. हट्ट किती खरा आहे तेही कळेल.

आत काय घालायचं यावर वाद नको. गुडघ्याच्या वर संपणारी, अंगाला घट्ट बसणारी काळी सायकलिंग शॉर्ट. "खरा स्कॉट आत काही घालत नाही" हे त्याने मित्रांकडून ऐकलेलं असणारच. त्यावर २०१० मध्ये स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या संचालकांनीच ही सवय पोरकट आणि अस्वच्छ असल्याचं जाहीर सांगितलं होतं. हे तुमच्याकडून आलं तर उपदेश वाटेल, बँडमधल्या मोठ्या पाइपरकडून येऊ द्या.

बसायची एक रीत असते आणि ती त्याला बँडमुळे माहीत असेल: दोन्ही तळहात मागे नेऊन निऱ्या वरून खाली सपाट करत बसायचं, मग पुढचा सपाट पदर दोन मांड्यांच्या मधे दाबून घ्यायचा. मांडीवर आडवा दांडा येणाऱ्या राइडमध्ये, म्हणजे लॅप बारच्या राइडमध्ये, कापड त्या दांड्याखाली धरलं जातं आणि हलत नाही. ब्लॅकपूलचे जुने लाकडी कोस्टर, १९२३ चा बिग डिपर आणि १९३५ चा ग्रँड नॅशनल, बैठे आहेत. तिथे मला फार अडचण दिसत नाही. १९९४ चा बिग वन ६५ मीटरच्या आसपास उंच आहे, समुद्रावरचा वारा तिथे सोसाट्याचा असतो, पण बसणं तेच.

खरी अडचण खांद्यावरून हार्नेस आणि दोन पायांच्या मधून पट्टा येणाऱ्या राइडची. तिथे कापडाचा बोळा होतो, बकल नीट बसलंय का हे तपासणाऱ्याला दिसत नाही, आणि ते दिसणं हा त्या तपासणीचा सगळा अर्थ असतो. पाय लोंबकळत ठेवणाऱ्या, उलटं टांगणाऱ्या किंवा खांबावरून खाली सोडणाऱ्या राइडवरही किल्ट नको; हवा खालून येते आणि कापड तोंडावर. अशा वेळी किल्ट काढून वर साधी हाफपँट चढवायची, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून बॅगेत हाफपँट हवीच. पाण्याच्या राइडचं तर विचारूच नका. वल्हालामध्ये माणूस नखशिखांत भिजतो. लोकरीचा किल्ट भिजला की पाणी पिऊन जड होतो, निऱ्या मोडतात, आणि ओल्या लोकरीचा काठ मांडीला घासून संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते.

किल्टच्या आजूबाजूच्या वस्तू किल्टपेक्षा जास्त त्रासाच्या असतात. पुढे लटकणारा स्पॉरन, म्हणजे कमरेची थैली, लॅप बारखाली आला तर थेट ओटीपोटात रुततो. गाडी चालवताना किंवा ढोल वाजवताना तो कमरेच्या बाजूला सरकवतात, पण राइडवर तेही पुरेसं नाही, काढून लॉकरमध्ये ठेवायचा. किल्टची पिन घरीच ठेवा. मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्गियन डू, अजिबात न्यायची नाही. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगण्याला ब्रिटनच्या कायद्यात सवलत आहे, पण गर्दीच्या पार्काच्या दारात बॅग तपासणाऱ्यापुढे सोळा वर्षांच्या मुलाने तो कायदा समजावत उभं राहावं, अशी तुमचीही इच्छा नसेल. घोट्याभोवती नाड्या गुंडाळायचे बुटही नकोत, साधे घट्ट बूट बरे.

निघायच्या आठवडाभर आधी पार्काला ईमेल करून विचारा की किल्ट घालून कुठल्या राइड चालतील. उत्तर फोनमध्ये ठेवा. तरीही राइडवरच्या माणसाने नाही म्हटलं तर तिथे वाद घालायचा नाही, हे मुलाकडून आधीच कबूल करून घ्या.

आणि हेच नियम साड्यांनाही लावा. पदर मोकळा, निऱ्या पायात, नणंदेच्या मुलीची ओढणी गळ्यात. गो-कार्टसारख्या वाहनात ओढणी किंवा पदर चाकाच्या दांड्याला गुंडाळला गेला तर जिवावर बेततं. किल्टच्या निऱ्या निदान गुडघ्याशी संपतात. सकाळी साडीत फोटो काढा आणि राइडच्या रांगेत लागण्याआधी बदला. मुलाला सुरक्षिततेचे धडे देणारी आई स्वतः पदर सावरत कोस्टरमध्ये चढली, तर तो तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्लॅकपूल हे लग्नाआधीच्या पार्ट्यांचं गाव आहे, दुपारपासून प्यायलेल्या माणसांचे आणि बायकांचे घोळके फिरत असतात. किल्टमधल्या पुरुषाला "आत काय आहे?" विचारणं, मागून कापड उचलणं, खालून फोन धरणं हे प्रकार होतात आणि सगळे हसण्यावारी नेतात. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. संमतीशिवाय कपड्याखालून फोटो काढणं इंग्लंडमध्ये २०१९ पासून गुन्हा आहे, स्कॉटलंडमध्ये त्याच्याही आधीपासून, आणि तो कायदा मुलांना-पुरुषांना तेवढाच लागू होतो. अंगाला हात लावणं तर गुन्हा आहेच. त्याला आधीच सांगा की असं झालं तर हसायची सक्ती नाही, मोठ्याने "हात लावू नका" म्हणायचं, आणि लगेच तुमच्याकडे किंवा पार्कातल्या माणसाकडे यायचं. मुलींना आपण हे सांगतो, मुलांना सांगायचं राहून जातं. ही गोष्ट त्याच्या बाबांनी त्याला सांगितली तर फार बरं होईल.

कारण बाबांनी बोललेलं ते वाक्य घरात अजून तसंच पडलेलं आहे. सोळा वर्षांच्या मुलाला बापाने बायकी ठरवणं हे राइडपेक्षा जास्त लागतं. तुमचे यजमान वाईट माणूस आहेत असं मला अजिबात वाटत नाही. वडील पहिल्यांदा आपलं परदेशातलं घर बघायला येतायत, सगळं कसं नीट दिसावं ही त्यांची धडपड आहे, आणि त्या भरात ते बोलून गेले. पण ते वाक्य त्यांनीच मागे घ्यायला हवं, आजोबा यायच्या आधी आणि तुमच्या मध्यस्थीशिवाय. तुम्ही त्यांना एकदा एकटं गाठून एवढंच सांगा की किल्टला नाही म्हणायचं तर म्हणा, पण त्या शब्दांत नको. नणंदेलाही एक फोन करा, मुलांना आवरायला सांगा. बाकी चिडवणं तो आणि आतेभावंडं आपापसात निस्तरतील.

तुम्ही विचारलंत, कुणाचं ऐकू. तुमच्या जागी मी असते तर मुलाला होकार दिला असता: स्वतःचा धुता येणारा किल्ट, आत शॉर्ट, बॅगेत हाफपँट, सुरी-पिन घरी, राइडवाल्याचा शब्द अखेरचा. यजमानांना हे अगदीच जड जात असेल, तर मधला मार्ग आहे. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर जागतिक पाइप बँड स्पर्धा भरते. तोवर पाहुणे राहणार असतील तर आजोबांना तिकडे न्या. हजारो किल्ट एकाच मैदानावर बघितल्यावर नातवाचा एक किल्ट कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. मात्र हा मार्ग मुलाच्या संमतीने घ्या, त्याच्या गप्प बसण्याला होकार समजून नको.

आणि ब्लॅकपूलच्या दिवशी सकाळी, एवढं सगळं होऊनही, तो जीन्स घालूनच जिन्यावरून खाली आला, तर "शेवटी ऐकलंसच ना" असं कुणीही म्हणायचं नाही. डबे घ्यायचे, गाडीत बसायचं आणि निघायचं.